खडूच्या फुल्या

प्रिय धाकटोबा,

तुझं जाडजूड पाकीट शनिवारी मिळालं. आत नगरपालिकेच्या नावे लिहिलेला तक्रारअर्ज, खाली तुझी सही, शेजारी साक्षीदाराची मोकळी जागा आणि तिथे पेन्सिलीने केलेला बाण, ताईने इथे सही करावी म्हणून. माझी तीस वर्षं इस्पितळाच्या कोठीत सह्या करण्यातच गेली, तरी सही कुठे करायची हे तू मला दाखवतोस. अर्ज मी दोनदा वाचला. मिस्त्रीचा परवाना कायमचा रद्द व्हावा आणि त्याला पुन्हा कुणाच्या घराला हात लावू देऊ नये, असं तू लिहिलं आहेस. मी सही केली की त्याचं काम या गावातून उठलं, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. फोनवर तू दोनदा विचारलंस की अर्ज का पाठवला नाही, आणि दोन्ही वेळा मी आईच्या पायाबद्दलच बोलत राहिले. म्हणून हे पत्र. पूर्ण वाच, मधेच उठून मला फोन करू नकोस.

आई बरी आहे. पाय अजून प्लास्टरमध्ये आहे आणि जीभ मोकळी आहे, त्यामुळे वॉर्डातल्या सगळ्या नर्सना तिने आपापल्या सासवांशी कसं वागावं ते शिकवून ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, हाड जुळतंय, पण काठी कायमची. तिला काठीपेक्षा तुझी काळजी जास्त. मुलगा एवढा चिडलाय तर जेवतोय ना नीट, असं विचारत होती.

घराचं काम काढलं तेव्हा तुझं एकच म्हणणं होतं. ठरल्यापेक्षा खर्च वर गेला तर दुरुस्ती थांबवू आणि घर विकून टाकू. तू सहज बोलून गेलास आणि विसरलास. मी विसरले नाही. तुला तिथे तुझं घर आहे. मला आणि आईला हे एकच, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंतींत चेपून बसलेलं, एका खोलीएवढं रुंद आणि तीन मजले उंच. खर्च कुठे कापता येईल, याशिवाय दुसरं काही त्या दिवसांत माझ्या डोक्यात नव्हतं. भाड्याच्या जागेत जायचं नाही, हे मी ठरवलं. आम्ही दोघी धुळीतच राहिलो. जुन्या चौकटी, जुन्या फरशा, जुन्या कड्या घासूनपुसून परत लावायच्या, हेही मीच ठरवलं. आईला मधल्या मजल्यावरच्या तिच्या खोलीतून हलवायचं नाही, हेही माझंच.

कामासाठी तिघांना बोलावलं होतं. पहिल्याने जिन्यातच उभ्या उभ्या आकडा सांगितला. दुसऱ्याने त्याहून कमी सांगितला, पण सामाईक भिंतीला हात लावणार नाही म्हणाला, आणि जाताना दाराच्या पितळी कडीकडे असा बघत होता की मी ती रात्रीतून काढून कपाटात ठेवली. तिसरा हा मिस्त्री. त्याने आकडा सांगितलाच नाही. म्हणाला, "बाई, आधी ठोकून बघतो, मग सांगतो." माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. जो माणूस आधी भाव सांगत नाही, तो नंतर गळा धरतो, हा कोठीतला माझा अनुभव. पण भिंतीला हात लावायला तोच एक तयार होता.

त्याची कामाची तऱ्हा तू पाहिलेली नाहीस म्हणून सांगते. दोन मजल्यांच्या मिळून बावीस तुळया. प्रत्येकीजवळ शिडी लावायची, हातोडीच्या दांड्याने ठोकायचं, कान लावायचा, भिंतीत शिरलेल्या टोकापाशी टोचा खुपसून बघायचं, आणि मग खडूने खूण करायची. गोल म्हणजे राहू दे, फुली म्हणजे बदल. बस, एवढंच. कागद नाही, पेन नाही. महिन्याभराने सुतार येतो, खुणा बघतो आणि कामाला लागतो, दोघांत बोलणंसुद्धा होत नाही. मला तर हसूच आलं. आमच्याकडे एक चादर द्यायची तरी तीन कागद लागायचे. त्यात याला गोलही धड काढता येत नव्हता. हात खालून सुरू व्हायचा आणि फिरून परत खाली येईपर्यंत साहेब पुढच्या तुळईकडे निघालेले असायचे, त्यामुळे त्याच्या प्रत्येक गोलाला खाली फट. सगळं ठोकून झाल्यावर त्याने सांगितलं, अकरा बदलाव्या लागतील. मी वर बघितलं तर सगळ्या तुळया मला सारख्याच काळ्या आणि सारख्याच धडधाकट दिसल्या. औषध लिहून देणाऱ्याचंच दुकान असलं की रोगी कधी बरा होत नाही. मी मनाशी पक्कं केलं, याचं वखारवाल्याशी साटंलोटं आहे. लाकूड मी स्वतः आणणार, असं त्याला सांगून टाकलं. तो "चालेल" म्हणाला. एवढ्या सहज चालेल म्हणाला, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलं.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. सिमेंटच्या पोत्यांवर आकडे टाकले. विटा सकाळी मोजायच्या, संध्याकाळी मोजायच्या. सुतार जाताना त्याची पिशवी जड दिसली म्हणून एकदा मी ती उघडायला लावली. आत त्याचा रिकामा डबा होता आणि शिवायला न्यायचा एक लहानसा बूट. तो पिशवीचं तोंड बांधून निघून गेला. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, आज सापडलं नाही म्हणजे उद्या नेणार, असंही वाटलं. कुणाकडे काहीच सापडत नव्हतं आणि त्यामुळेच माझा संशय वाढत होता. मिस्त्री दुपारी आईजवळ दोन मिनिटं बसायचा, तिचे गुडघे कसे आहेत विचारायचा. मी दाराआडून ऐकायचे. म्हटलं, म्हातारीला गोड बोलून हा काय काढून घेतोय. तो फक्त गुडघ्यांबद्दलच विचारत होता.

स्वयंपाकघराची चौकट घासायला काढली तेव्हा आपल्या उंचीच्या रेघा निघाल्या. बाबांनी दर वाढदिवसाला चाकूने ओढलेल्या, त्यात खडू भरलेला. तुझी दहाव्या वर्षाची रेघ तिथे नाही, आठवतं? त्या वर्षी तू मला मागे टाकलंस आणि आठवड्याभरात ती रेघच नाहीशी झाली, कुणीतरी ती जागा तासून वर रंग फासला होता. तेव्हा घरात रंगारी काम करत होता. बाबांनी त्याला सगळ्यांसमोर झाडलं, उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं आणि तो परत कधी या गल्लीत दिसला नाही. तू दोन दिवस जेवला नव्हतास. मी त्या तासलेल्या जागेवर हात फिरवत बराच वेळ उभी होते, मग सुताराने विचारलं, ही चौकट ठेवायची की टाकायची. ठेवायची, म्हटलं.

तो मंगळवार तुला मी फोनवर सांगितला होता, पण तुटक. सुतार वरून शेजारची तुळई काढत होता. आई त्याच्या खाली, मधल्या मजल्यावर, तिच्या खुर्चीत. अचानक लाकूड कण्हल्यासारखा आवाज आला आणि तिच्या डोक्यावरच्या तुळईचं टोक भिंतीतून सुटलं. फळ्या खचल्या, वरचं कपाट कलंडलं, आई घाबरून उठायला गेली आणि पडली. मी दारातच उभी राहिले. मिस्त्री खालून धावत आला आणि त्याने सरळ तुळईखाली खांदा दिला. सुताराने टेकू आणून लावेपर्यंत तो तसाच उभा होता, तोंड लालबुंद, आणि मला सांगत होता, "बाई, आधी आईंना ओढा." मी आईला ओढलं. त्याने खांदा दिला नसता तर तुला आज पायाचं प्लास्टर नाही, दुसरंच काही कळवावं लागलं असतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

मी तुला एवढंच सांगितलं की ही तुळई चांगली आहे अशी खूण होती. वर पुरावा म्हणून फोटो पाठवला. तोच फोटो तू अर्जाला जोडला आहेस, कुजून भुसा झालेलं टोक आणि त्याच्या वीतभर अलीकडे खडूचा गोल. आता तो फोटो काढ आणि नीट बघ. गोल पूर्ण आहे. वरपासून खालपर्यंत कुठेही फट नाही. मिस्त्रीनेही त्या दिवशी आईला इस्पितळात पोचवून आल्यावर तो गोल पाहिला. त्यावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं नाही, स्वतःशीच म्हणाला, "मी परत एकदा ठोकून बघायला हवं होतं," आणि अवजारं गोळा करून गेला. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं. चोर कोण आणि चांदणं कुणाच्या मनात, हे मला त्या क्षणीही चांगलं माहीत होतं, तरी मी तसंच वाटून घेतलं.

लाकूड आणायच्या आधी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली असताना, मी स्टुलावर चढून तीन फुल्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि तिथे गोल काढले. मला पटलं होतं की तो फसवतोय. अकरातल्या तीन तरी उगाचच असणार, आणि तीन वाचल्या तर खर्च तुझ्या आकड्याच्या आत बसत होता. मी स्वतःही दांड्याने ठोकून पाहिलं, मला काही वेगळं ऐकू आलं नाही. वखारीतून आठच आणल्या. मिस्त्रीने विचारलं होतं, बाई, अकरा होत्या ना? तुमची मोजण्यात गल्लत झाली असेल, असं मी कोठीवाल्या बाईच्या आवाजात सांगितलं. त्याने डोकं खाजवलं आणि "असेल" म्हणाला. मी ज्याच्यावर दोन महिने विश्वास ठेवला नाही, त्याने माझ्यावर एका वाक्यात ठेवला.

काल आईचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "त्या दिवशी स्टुलावर चढून काय पुसत होतीस ग? मी झोपले नव्हते." मी सांगितलं. तिने माझ्या हातातला कंगवा काढून घेतला आणि म्हणाली, "धाकट्याला तू कळवतेस की मी?"

आज सकाळी आधी मिस्त्रीकडे गेले. त्याच्या बायकोने बसायला खुर्ची दिली, पण मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो ओरडेल, आजूबाजूच्यांना गोळा करेल, निदान थुंकेल तरी. मी तेवढी तयारी करूनच गेले होते. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाकीच्या दोन कुठल्या?" मी सांगितलं, जिन्यावरची एक आणि माझ्या खोलीतली एक. चपला घालून तो तसाच माझ्याबरोबर निघाला. वाटेत सुतारालाही बोलावून घेतलं. मी हे पत्र लिहितेय तेव्हा तो आणि सुतार जिन्यात टेकू लावताहेत, आणि मला खालीच बसायला सांगितलंय.

तर अर्जावर मी सही केली आहे, पण तू बाण काढलास तिथे नाही. जिथे मिस्त्रीचं नाव होतं तिथे ते खोडून माझं घातलं आहे, आणि घडलं ते खाली माझ्या अक्षरात लिहिलं आहे. हवं तर पाठव, हवं तर फाड. घर विकायचं म्हणालास तरी आता मी अडवणार नाही, फक्त त्याचं नाव कुठल्याही कागदावर जाता कामा नये. आणि चौकटीवरची तुझी दहाव्या वर्षाची रेघ रंगाऱ्याने तासली नव्हती. ती मी तासली होती, बाबांच्याच चाकूने, आणि त्याच्याच डब्यातला रंग वर लावला होता. बाबा त्याला बोलत होते तेव्हा मी जिन्यात बसून ऐकत होते. तो रंगारी आता कुठे सापडायचा नाही. मिस्त्री दोन गल्ल्या पलीकडे राहतो. सुट्टी मिळाली की ये, आपण दोघं त्याच्याकडे जाऊ.

तुझ्याहून एक रेघ बुटकी असलेली,
तुझीच ताई