बसाप्पाची म्हैस

गडमुडशिंगी,
११ जानेवारी २०२५

ती. सौ. आक्कास,
आदितीचा सा. न. वि. वि.

दिवाळीपासून पत्र नाही, रागावू नकोस. फोन केला की अण्णा शेजारी बसून माझी वाक्यं पुरी करतात. म्हणून हे तुमच्या संगमेशच्या गुळाच्या टेम्पोतून निपाणीला पाठवतेय.

आज आमचा पक्षिमित्रांचा गट गावच्या तळ्यावर आला होता. अण्णाही आले, न बोलावता. चक्रवाक दाखवला, बगळा म्हणाले. शेकाट्या दाखवला, लंबू बगळा म्हणाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी चष्म्याशिवाय पेपर वाचतो, हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. मग मंडळी मिसळ खायला गेली आणि अण्णा आपल्या उसात लघवीला. परत आले ते धोतर हातात धरून, पळत. मागे, उसाच्या तोंडाशी, गवा! पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, तोंडात आपला ऊस. मी फोटो काढला. बाप संकटात असताना मुलीने आधी फोटो काढावा का, हा विचार अजून चालू आहे. फोटोत दोघंही स्पष्ट आलेत, अण्णा जरा जास्तच.

वनखात्याला कळवलं. गर्दी होऊ देऊ नका, तो आपणहून परत जाईल, असं म्हणाले. पण अण्णांनी तोवर पारावर सगळं सांगून टाकलं होतं. त्यांचा जुना दोस्त केरबा म्हणे हसला, बाबासो, उसात गवा न्हाय, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. अण्णा जेवले नाहीत. केरबाच्या थोबाडासमोर धरतो, फोटो दे, म्हणतात. दिला तर निम्मा तालुका उसात शिरेल. जनावर मरेल, नाहीतर कुणाला मारेल. काय करू?

तुझी,
आदिती


निपाणी,
१२ जानेवारी

चि. आदितीस अनेक आशीर्वाद.

हसून हसून दुकानातलं गिऱ्हाईक घालवलं बघ. अगं, दे की फोटो! खोटं ठरलं तर अण्णा उपाशी बसणार, मला ठाऊक हाय. तुला जनावराची काळजी, मला बापाची. धोतराचा भाग तेवढा काप. कापलेला मला पाठव.

तुझी आक्का


गडमुडशिंगी,
१४ जानेवारी

ती. सौ. आक्कास सा. न.

तुझं ऐकलं. फोटो कापला, मोबाईल अण्णांच्या हातात दिला. काल दुपारी ते छाती काढून बांधाकडे निघाले. तिथे केरबा, गावभरची पोरं, ट्रॅक्टर आणि फटाक्यांची माळ. गवा असला तर बाहेर काढू, रील करू, असं चाललेलं.

अण्णा माळेकडे बघत राहिले. मग मोबाईल बंडीच्या खिशात घातला आणि ओरडले, घरला जावा रं, गवाबिवा काय न्हाय, बसाप्पाची म्हस हुती, माझंच डोळं गेल्यात. केरबाला हसून हसून बांधावर बसावं लागलं. गर्दीतला बसाप्पा म्हणाला, त्याची म्हैस गोठ्यातच होती. अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की ती सुटल्याचं त्याला लगेच आठवलं. पोरं पांगली.

आज सकाळी खुरांचे ठसे तळ्याला वळसा घालून पश्चिमेला गेलेले दिसले. आता तरी खरं सांगा म्हटलं. तर म्हणाले, फुडच्या साली परत आला म्हंजे? आपल्या जैन धर्मात सत्य मोठं की अहिंसा, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आज दिवस मावळायच्या आत दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या त्यांनी.

घोळ एवढाच, की केरबा मोठ्या हौसेने त्यांना डोळ्यांच्या शिबिराला नेणार आहे. डोळे ठणठणीत निघाले तर सगळं उघडं पडेल. तेव्हा आधीच चष्मा लागलेला बरा, म्हणजे शिबिर टळेल, हे अण्णांनीच सुचवलं. सकाळपासून पेपर माडीवर चोरून वाचताहेत.

भावजींना नमस्कार. माझ्या वाटणीचा थोडा लोभ अण्णांवर राहू दे.

तुझी,
आदिती

उद्याचं काम: अण्णांसाठी बिननंबरचा चष्मा आणणे. जाड काड्यांचा, केरबाला लांबून दिसेल असा.