नऊ टोपल्यांचा पहारेकरी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? आम्ही इकडे ठीक (म्हणजे ही घरी ठीक, मी किनाऱ्यावर).

दुकानांच्या पाट्या रंगवणं सोडल्यापासून मी कासवं वाचवणाऱ्या मंडळात शिरलोय, हे तू महिन्यापूर्वी येऊन बघितलंसच. मादीने वाळूत घातलेली अंडी आम्ही उचलून कुंपणात आणून पुरतो, कावळ्याकुत्र्यांच्या भीतीने वर टोपली उपडी घालतो आणि शेजारी पाटी रोवतो: अंडी कधीची, किती. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात, तेव्हा टोपली उचलायला माणूस हजर हवा. नसला तर बिचारी आतल्या आत उन्हात भाजून निघतात. म्हणून पाटीला एवढा मान.

तर गेल्या आठवड्यात वारा सुटला. कसला वारा म्हणून सांगू! नऊच्या नऊ पाट्या उपटून एका कोपऱ्यात आणून टाकल्या. (वाऱ्याला एवढी शिस्त कुठून आली, असं मंडळाच्या प्रमुख काकींनीही विचारलं. त्या जाळी विणतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.) वहीत तारखा आहेत, पण कुठली टोपली कुठल्या तारखेची हे फक्त पाटीला ठाऊक होतं. काकी एवढंच म्हणाल्या, "पेंटर, आता तुम्हीच पाटी. बसा इथे."

बसलोय. एक स्टूल, एक छत्री आणि नऊ टोपल्या. एकीकडे बघावं तर दुसरीकडे काही हललंसं वाटतं. ही डबा घेऊन येते आणि डब्याबरोबर टोमणाही आणते, की पोरीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात दहा मिनिटं बसवलं नाही तुम्हाला, आणि आता बघा! (खरं आहे. चहाला गेलो होतो.)

परवाही चहालाच गेलो. पाचच मिनिटं म्हणून गेलो आणि गप्पांत अर्धा तास गेला. परत येतो तो चौथ्या टोपलीखाली नुसती वळवळ. धावत जाऊन टोपली उचलली, गार वाळूवर ओली फडकी टाकून त्यांना निववलं. संध्याकाळी एक्क्याण्णव पिल्लं पाण्यात गेली. तीन गेली नाहीत. ताई, तळहातावर मावत होती गं. त्या दिवशी मला घास उतरला नाही. चहाही सोडलाय.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. वारा वगैरे काही सुटला नव्हता. त्या पाट्यांवरची वेडीवाकडी अक्षरं मला बघवेनात, म्हणून रंगवायला मीच उपटल्या. अक्षर असं झकास आलंय! रोवायला गेलो तेव्हा कळलं, की कुठली कुठे ते लिहूनच ठेवलं नव्हतं.

ता. क. २. तू आलीस तेव्हा कुंपणापाशी माझा फोटो काढला होतास. त्यात माझं डोकं कापलं गेलं आणि मागच्या पाट्याच तेवढ्या स्वच्छ आल्या, म्हणून मी तुझ्यावर चिडलो आणि तो पुसून टाक म्हणालो. तू आयुष्यात माझं एकही ऐकलं नाहीस. हेही ऐकलं नसशील, तर तो फोटो हे पत्र हातातून ठेवायच्या आधी पाठव. आठ टोपल्या अजून बाकी आहेत. आणि डोक्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, ते फोटोत असतं तरी काय उजेड पडणार होता?