सव्वासातशे किलोची ओढ

४ मार्च ७४
दादानं हायड्रोच्या मोटारीला मोठी पुली बसवली. आतली लोखंडी टोपली गरगर फिरवून ओल्या सुतातलं पाणी काढायला वीस मिनिटं जायची, आता बारात झालं पाहिजे म्हणे. मला विचारलं नाही. घरच्या डाइंगमध्ये, सूत रंगवायच्या कारखान्यात, बी.एस्सी. फिजिक्सला कोण विचारतो!

५ मार्च
फेरे मोजले. मिनिटाला सहाशेचे नऊशे. वेग दीडपट, पण सूत्रात वेगाचा वर्ग, म्हणजे ओढ सव्वादोनपट. त्रिज्या चाळीस सें.मी. एका बाजूला दोन किलो सूत जादा पडलं, तर तेवढंच केंद्राकडे खेचून धरायला सव्वासातशे किलोचा जोर. आधी सव्वातीनशे. तीनदा गुणून पाहिलं.
कागद दादाला दिला. त्यानं त्यावर रंगाचा डबा ठेवला. "तुझ्या कालिजात हायड्रो हुता का रं? मल्लप्पाचा हात म्हंजे तराजू हाय."

६ मार्च
मल्लप्पा चौदा वर्षं टोपली भरतो. फुटली तर पहिला तोच. म्हणून त्यालाही सांगितलं. भडकला. "माजा हात चुकतुय म्हंता व्हय, धाकले मालक?" ज्याच्यासाठी भांडतोय तोच उलटा. मरू दे.

८ मार्च
दादाशी वाजलं, सगळ्यांसमोर. म्हणालो, एवढी खात्री आहे तर तू उभा राहा तिथं.
राहिला. झाकणावर हात टेकून, माझ्याकडं बघत, मशीन पूर्ण वेगात. फरशी थरथरत होती. काही झालं नाही. लोक हसले. मल्लप्पाही.
मला वाटत होतं, फुटावी. खरंच वाटलं. लाज वाटते, पण लिहितो.

११ मार्च
जेवणाच्या सुट्टीत रिकामी टोपली पुसली. आतून, वरच्या कडेखाली चीर. बोटभर. आधी नव्हती, की मी कधी बघितलंच नव्हतं...
उद्या मल्लप्पा अक्कलकोटला जाणार, मेव्हण्याकडं. टोपली दादाच भरणार.
रात्री वहिनीनं वाढलं. दादा समोर. "काय रं गणितवाले, आज लई गप्प?"
मी मीठ मागितलं. त्यानंच सरकवलं.
अजून सांगितलेलं नाही. सकाळी आठला मशीन चालू होतं.