माझ्या सहीची गाडी

१ जानेवारी, सकाळी ६.४०
नवी वही. संकल्प तीन. रोज अर्धा तास चालणे. हिच्याशी वाद न घालणे. फळ्यावरचा माझा रकाना वर्षभर कोरा ठेवणे. पहिल्या दोनांची खात्री नाही, तिसऱ्याची आहे.

फळा म्हणजे आमच्या मॅडमचं खूळ. आमची कंपनी स्वस्त गाड्या करते. लोक आमच्या गाडीला खुळखुळा म्हणतात. हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा विनोद मेव्हण्याने मला निदान चाळीसदा ऐकवला आहे, दर वेळी ताजा असल्यासारखा. दोन वर्षांपूर्वी कारखान्याला टाळं लागायची वेळ आली तेव्हा या मॅडमना आणलं. त्यांनी आल्या आल्या लाईनच्या शेवटी मोठा फळा लावला. वर लिहिलं, ‘माझं चुकलं’. खाली प्रत्येकाच्या नावाचा रकाना. पाळी संपताना आपली चूक आपणच लिहायची. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ती का झाली ते शोधायचं.

शाळकरी प्रकार. पण लोक लिहितात. ‘दारात स्क्रू राहिला.’ ‘घाईत नट अर्धाच पिळला.’ माझा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा आहे. येणारे पाहुणे त्याच्यासमोर थांबतात.

४ जानेवारी
चालणे नाही. थंडी.

आज सत्तावीस गाड्या ऐकल्या. माझं काम तेच. तयार गाडी शेवटी माझ्याकडे येते. काचा वर करून आधी खडबडीत ट्रॅक, मग गुळगुळीत. कुठे खडखड, कुठे कुरकुर, कुठे चाकाची घरघर. ऐकू आली तर गाडी परत, नाही तर कार्डावर सही. तेवीस वर्षं. लाईनवर मला कानसाहेब म्हणतात. पूर्वी दिवसाला नऊ-दहा गाड्या परत पाठवायचो. हल्ली एकही नाही. मॅडमच्या फळ्याचं नाव होतं, पण गाड्या माझ्या धाकाने सुधारल्यात हे न समजायला लाईनवरची माणसं काही दुधखुळी नाहीत.

११ जानेवारी
दाराची बेल पुन्हा बिघडली. वर्षभरातली तिसरी. पोस्टमन पंधरा मिनिटं उभा होता म्हणे. इलेक्ट्रिशियनने स्वतः दाबून पाहिली आणि ठीक आहे म्हणाला. मी दाराशीच होतो, काही वाजलं नाही. ही आणि तो एकमेकांकडे बघत राहिले. चौथी बेल आणणार. हल्ली कशातच क्वालिटी राहिली नाही.

१९ जानेवारी
हिच्याशी वाद. ही हल्ली पुटपुटते. स्पष्ट बोल म्हटलं तर ओरडते. मधलं काही येतच नाही हिला.

हिला माझ्या गाडीतला प्रवासही सोसत नाही, कपाळ धरून बसते. आपलाच खुळखुळा, अकरा वर्षांचा. आधी फार वाजायचा. गेली दोनेक वर्षं आपोआप शांत झालाय. माणूस वयाने शहाणा होतो, तशी गाडीही होत असावी.

६ फेब्रुवारी
मोठा दिवस. गिऱ्हाइकांच्या तक्रारींची यादी जाहीर झाली. सोळा कंपन्यांत आपण कायम सोळावे. या वेळी पाचवे! मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की हे फळ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाचं श्रेय आहे. मी मागे उभा होतो. फळ्यावर न लिहिणाऱ्याचा उल्लेख राहून गेला. बाईंना बोलायची सवय नसावी, समजून घेतलं.

मेव्हण्याला फोन केला, आवाज पूर्ण वर करून; हल्लीचे फोनही पुटपुटतात. तो म्हणाला, अभिनंदन, आता हॉर्न पण वाजतो का?

२० फेब्रुवारी
फोरमनकडे दोन तक्रारी केल्या. एक, माझ्या सहीखाली रोज कार्डावर निळ्या शाईचा ठिपका पडतो. कोणाचं तरी पेन गळतंय. दोन, धुलाईवाल्या मावशी. पूर्वी त्या दारं बसवायच्या. पाठ धरल्यापासून त्यांना धुलाईला दिलंय. मी सही केलेली गाडी सरळ पाण्याखाली घ्यायची, तर या मावशी काचा वर करून आवारात दोन-दोन फेऱ्या मारतात. डोळे मिटून बसतातही. कामचुकारपणाची हद्द झाली.

फोरमन खाली बघत म्हणाला, राहू द्या कानसाहेब. हा माझ्या हाताखाली शिकलेला. मवाळ आहे. माणसं अशाने डोक्यावर बसतात.

५ मार्च
कंपनीची वार्षिक तपासणी. कानाचीही होती. काचेच्या खोलीत बसवतात, डोक्याला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ त्यांनी काही सुरूच केलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, बाहेरची मुलगी तिचं बटण दाबते तेव्हा तिचा खांदा हलतो. तो काचेत दिसतो. उगाच तिचा वेळ जायला नको म्हणून मी खांदा हलला की दाबत गेलो. शंभर टक्के. मुलगी म्हणाली, या वयात असे कान पाहिले नाहीत.

रिपोर्ट हिच्यासमोर ठेवला. हिने तो दोनदा वाचला आणि स्वयंपाकघरात गेली. नाहीतर हिला शेवटचा शब्द लागतो.

१४ मार्च
लेकीला गाडी घ्यायची आहे. नातू सव्वा वर्षाचा, त्याला पाळणाघरात सोडून लेकीला ऑफिस गाठायचं असतं. ती दुसऱ्याच कंपनीची गाडी बघून आली. मला न सांगता! मी दुखावलो आणि तसं बोललोही. स्वतःच्या बापाने पास केलेल्या गाडीवर विश्वास नाही?

लेक म्हणाली, विश्वासाचं नाही, बाबा. मग म्हणाली, बरं, तुमच्या सहीची घेते.

एवढं बरं मला पाचवा नंबर आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

२ एप्रिल
लेकीची गाडी आज लाईनवरून उतरली. पांढरी. ट्रॅकवर एकाऐवजी तीन फेऱ्या मारल्या. आत देवळातल्यासारखी शांतता. सही केली, जरा मोठीच.

धुलाईला दोन दिवसांची रांग होती. लेकीला उद्याच हवी होती. म्हटलं, गाडी काय, घरी धुऊ. मावशी जेवायला गेल्या होत्या. फोरमन मीटिंगमध्ये. गेटवर माझा शब्द चालतो. मी स्वतः चालवत लेकीच्या दारात नेली. नातू चाकाला मिठी मारून बसला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा ओळखीने काम केलं, आणि तेही फक्त धुण्याचं.

१९ एप्रिल
लेकीचा फोन. मागच्या डाव्या चाकाकडून घुंई असा आवाज येतो म्हणे, वेग वाढला की वाढतो.

संध्याकाळी गेलो. मी चालवली, ती शेजारी, नातू मागे. मोकळ्या रस्त्याला वेग घेतला. ती सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

“येतोय ना आवाज, बाबा?”

“कसला आवाज?”

काहीच नव्हतं. नवीन आई झालेल्या बायका धास्तावतात, हे तिला समजावून सांगितलं. तिने काही उत्तर दिलं नाही. दिलं असलं तर पुटपुटली. आईवर गेली आहे.

३ मे
पुन्हा तेच. आता सर्व्हिस सेंटरला दाखवते म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं, माझ्या सहीची गाडी महिन्याभरात सर्व्हिसला गेली तर मी लाईनवर कोणत्या तोंडाने उभा राहू? ज्याने आयुष्यभर गाड्या ऐकल्या त्याला शिकवू नये. वाटल्यास मी रविवारी पुन्हा ऐकतो.

तिने फोन ठेवला. मग मेसेज आला. ‘ठीक आहे. तुमच्यासाठी थांबते.’

गुणी पोर आहे.

१० मे, रविवार
चालायला सुरुवात करणार होतो. गुडघा. लेकीकडे जायचं राहिलं. पुढच्या रविवारी नक्की.

बागेत पक्षी कमी झालेत. एकही ओरडत नव्हता. यावर पेपरात लिहायला हवं.

१४ मे, दुपार
लेकीचा अपघात.

चाक जाम झालं वळणावर. गाडी फिरून कठड्याला घासली. लेकीचा उजवा हात मोडला. नातू मागे पट्ट्यात होता, त्याला खरचटलंही नाही. खरचटलंही नाही. मी तीन वेळा बघितलं.

तिने प्लास्टर घालताना हिचा हात धरला, माझा नाही.

१५ मे
रस्ता खराब असणार. वळणं चुकीची बांधतात. शिवाय चाकाचं बेअरिंग बाहेरच्या कंपनीकडून येतं, त्यांचं दुर्लक्ष. सर्व्हिस सेंटरला वेळेत दाखवली असती तर

हे वाक्य पुरं करत नाही.

१८ मे
मॅडमनी बोलावलं. फोरमन होता, मावशी होत्या. टेबलावर २ एप्रिलची सगळी कार्डं मांडली होती.

त्या दिवशी सकाळी बेअरिंग दाबायचं मशीन तिरकं झालं होतं. मावशींनी धुलाईच्या रांगेत लावण्याआधीच दोन गाड्यांची घरघर ऐकून त्या परत पाठवल्या, तेव्हा ते कळलं आणि दुपारपर्यंत दुरुस्त झालं. लेकीची गाडी तिसरी. ती त्यांच्याकडे गेलीच नव्हती.

मी विचारलं, मावशी कशासाठी ऐकत होत्या? ऐकणं माझं काम.

मावशींनी कार्डं माझ्याकडे सरकवली. प्रत्येकावर माझी सही आणि खाली निळा ठिपका. पेन गळत नव्हतं. मावशींनी गाडी ऐकून बरी वाटली की त्या ठिपका द्यायच्या. चौदा महिने. मी पास केलेल्यांतल्या रोजच्या आठ-नऊ गाड्या त्या गुपचूप परत पाठवत होत्या.

एकाच कार्डावर ठिपका नव्हता. त्यावरची सही नेहमीपेक्षा मोठी होती.

१९ मे
रजा. दिवसभर डोक्यात एकच हिशेब, चौदा महिने म्हणजे किती गाड्या. गिऱ्हाइकांच्या सगळ्या गाड्या मावशींनी वाचवल्या. त्यांच्याकडे न गेलेली एकच गाडी माझ्याच लेकीच्या दारात गेली, आणि ती मीच नेली. ओळखीने.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी चार वर्षं सांगतेय. या वेळी ऐकू आलं. माझ्यासमोर बसून, सावकाश बोलली होती.

२१ मे
मला काढून टाकतील अशी तयारी करून गेलो होतो. काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, शिक्षा नाही हा नियम सगळ्यांना आहे. ‘पण तुम्ही अजून लिहिलेलं नाही.’

पाळी संपल्यावर फळ्याशी गेलो. लाईन सगळी रेंगाळत होती. खडू उचलला. माझ्या रकान्यात इतका लखलखीत काळा रंग, कधी कोणी पुसलाच नव्हता. लिहिलं:

‘मला ऐकू येत नाही. मला माहीत होतं.’

दुसरं वाक्य लिहायचं ठरवलं नव्हतं.

मागे वळलो. कोणालाच धक्का बसला नव्हता. पेंटवाल्याने मान हलवली, एखाद्याने वेळ सांगावी आणि आपल्याला ती आधीच ठाऊक असावी तशी. फोरमन पुढे आला, माझ्या हातातून खडू घेऊन त्याने स्वतःच्या रकान्यात लिहिलं, ‘कानसाहेबांचा मान राखला. त्यांना सांगितलं नाही.’ त्याचे डोळे भरले होते. माझ्या हाताखाली शिकलेला. मवाळ आहे.

२७ मे
कानाचे डॉक्टर. इथे काचेला पडदा होता. खांदा दिसत नव्हता. बटण चार वेळा दाबलं, त्यांतलं एकदा चुकून.

८ जून
दोन्ही कानांत मशीन. पहिला आठवडा नरक. कागद फाडला तरी दचकतो. बेल चांगली वाजते. आधीच्या तिन्हीही वाजत असणार, हिने त्या माळ्यावर ठेवल्यात. बागेत पक्षी भरपूर आहेत, पेपरात लिहायचं रद्द.

आता मावशी शेवटच्या टप्प्यावर माझ्या जागी ऐकतात आणि उघडपणे सही करतात. मी गाड्या धुतो. काल एकीच्या काचेवर साबण राहिला. फळ्यावर लिहिला.

२५ जून
लेकीचं प्लास्टर काढायचं होतं. तिची गाडी अजून वर्कशॉपमध्ये, म्हणून मी माझ्या खुळखुळ्यातून न्यायला गेलो. आधी नको म्हणाली. मग माझ्या कानांकडे बघितलं आणि बसली. नातू मागे.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मला घाम फुटला. डॅशबोर्ड खडखडत होता, सीट कुरकुरत होती, चारही दारं वाजत होती, खालून काहीतरी लोंबकळून आदळत होतं. माझी गाडी कधीच शांत झाली नव्हती. ही वर्षानुवर्षं यात कपाळ धरून बसत होती.

सिग्नलला लेकीने विचारलं,

“येतोय आवाज, बाबा?”

“येतोय,” म्हणालो.

“मग आधी सर्व्हिस सेंटरला घ्या.”

घेतली.