माहेरची मिश्री

आई, आता मी तुझ्याहूनही म्हातारी झाले, तरी तुझ्यावरचा राग गेलेला नाही. निघोज्याच्या घरी तू चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळी होईस्तोवर भाजायचीस आणि मी खोकत खोकत ती पाट्यावर वाटायचे. दाढ दुखली तेव्हा पहिली चिमूट तूच माझ्या हिरडीला लावलीस. लग्न होऊन पिंपरीला आले, तर सासूबाईंनाही तुझ्याच हातची मिश्री आवडली. महिन्याला डबा रिकामा झाला की तो भरून आणायला त्या मला माहेरच्या एसटीत बसवून देत.

मग माझ्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. तू तेव्हा चार दिवस माझ्याकडे राहायला आली होतीस, म्हणून दवाखान्यात सोबत आलीस. डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड तपासलं आणि तुझ्याकडे वळल्या. "आजी, दोन वर्षांपूर्वी तुम्हालाही असाच चट्टा होता ना? याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, घरातल्या बायकांनाही सांगा, असं बजावलं होतं मी." तू पदराशी चाळा करत राहिलीस. मला न कळवता दादाबरोबर येऊन दाखवून गेली होतीस तर! तेव्हापासून स्वतः गुपचूप कडुनिंबाची काडी चावायचीस, मला म्हणायचीस, "माजी पहाटंच घासून झाली," आणि माझा डबा काठोकाठ भरायचीस. रस्त्यात मी ओरडलेच. तू म्हणालीस, "डबा बंद झाला असता तर तुला कुनी धाडलं असतं व्हय? म्हैन्याला तेवढीच दिसायचीस." तेवढ्यासाठी आई लेकीला विष देते का गं?

मी सोडली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसा डबा घराबाहेर काढला, सगळ्यांना सांगून टाकलं, मिठाने दात घासले, तल्लफ आली की चूळ भरून बडीशेप चघळली. पहिले आठ दिवस डोकं ठणकायचं, सकाळी पोट साफ होईना, मुलांवर उगाच खेकसायचे. चट्टा हळूहळू गेला. माझं बघून सासूबाईंनीही सोडली, त्यांना जरा जास्त दिवस लागले. तू दादाकडून निरोप धाडत होतीस आणि मी दर वेळी एकच उत्तर देत होते, सासरचे पाठवत नाहीत. दीड वर्षाने तू तापात गेलीस. तुझंच खरं होतं असं समजून गेली असशील. हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून सांगते. पहिला महिना सरला तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "डबा नसंना का, आईला भेटून ये की." मीच आले नाही.