कणीक खाणारी मरळ

१२ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळी सहा.

आत्ताच मासिकात दिराची शिकारकथा वाचली. वेणा नदीतली ती मोठी मरळ म्हणे त्याने कणकेच्या गोळीवर पकडली, आणि ‘वहिनी काठावर भजी तळत होत्या.’ भजी? गळ माझा होता. आमिषाची जिवंत बेडकी मीच लावली होती; मरळ जिवंत भक्ष्यावरच येते. हा तर झाडाखाली झोपला होता.

फोन केला तर हसला. “बाईनं मासा पकडला असं लिहिलं तं कोन छापते, वहिनी? तुमाले राग काऊन येऊन राह्यला?”

भजी म्हणे. हिंगणघाटचे मासे धरणारे भोई ही कथा वाचून आठवडाभर हसतील, याची व्यवस्था मी करीन. संपादकांना पत्र, नक्कल दिराला: मरळ कणीक कधीपासून खायला लागली, ते येत्या रविवारच्या आत लेखी कळवा.