कलम चार

६ नोव्हेंबर १९९५

इथल्या, आखातातल्या आमच्या मंडळाच्या घटनेत दुरुस्ती! टाइप करायचं काम माझ्या गळ्यात. अध्यक्ष शैलेंद्रसाहेब म्हणाले, "विश्वजीत, तुमचं इंग्रजी चांगलं." ते खरं आहे. अकरा पानं झाली. कलम चार: मताचा हक्क फक्त इथे कुटुंबासह राहणाऱ्यांना. कामगार कॅम्पमधले एकटे लोक जयंतीला जेवायला येतात, सभेला येत नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. मी काही म्हटलं नाही. टाइप केलं.

२२ नोव्हेंबर

मसुदा हॉलच्या दारावर लावून पंधरा दिवस झाले. सूचना मागवल्या होत्या. एकही नाही. साहेब खूश — "म्हणजे सर्वांना मान्य!" हॉल मनामात, भर शहरात; कॅम्प दूर अस्करला, कारखान्यांजवळ. दारावरचं वाचायला तिकडून कोण येणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

घरी बायको, दीप्ती, म्हणाली, "तुकारामभाऊंना मराठीत समजावून तरी सांगा." तुकाराम माझ्या गावचा. कारखान्यात क्रेन चालवतो, कॅम्पात राहतो, बायको गावी. दर जयंतीला मंडप तोच उभा करतो. म्हटलं, शुक्रवारी भेटेल तेव्हा सांगेन.

तिचं दुसरं, गेल्या महिन्यापासूनचं टुमणं — लेकीची, श्रावस्तीची दहावी गावी करायची. मी पेपर वाचत होतो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सभा. आधी बुद्धवंदना, मग भारताच्या घटनेची उद्देशिका. तुकाराम रात्रपाळी करून थेट आलेला. त्याला ती तोंडपाठ, डोळे मिटून म्हणत होता. सगळे उभेच होते, तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "घटना मंजूर?" बत्तीस हात वर. पहिला तुकारामचा. विरोधात शून्य.

सांगायचं राहून गेलं.

२८ नोव्हेंबर

तुकारामचा फोन. मतदारयादीत नाव नाही म्हणे! कलम चार मराठीत सांगितलं. त्याने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "अरे, मी तर हात वर केला."

"वाचलं नव्हतंस?"

"तू टाइप केलंस ना? मग मी कशाला वाचू?"

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

८ डिसेंबर

साहेबांना म्हटलं, आधी मराठी मसुदा हवा होता. मग पाळ्या बघून कॅम्पात सभा, आणि महिन्याभराने मतदान.

"आता खलास! दुरुस्ती हवी तर एप्रिलच्या सभेत मांडा. पण मतदारानेच मांडायची."

मतदार उरले अकरा. बाकीच्या दहांना विचारलं. दहाही जण "इंशाल्ला" म्हणाले. म्हणजे नाही. मीच मांडणार! तुकारामला कळवलं. "तू आहेस ना, मग झालं," म्हणाला. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

१९ डिसेंबर

दीप्तीने तिकिटं काढली. मार्चमध्ये श्रावस्तीला घेऊन गावी, कायमची. मी इथे एकटा. म्हटलं, मला विचारलं नाहीस?

"दोन महिने विचारतेय. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, मान्य आहे."

कलम चार काढून पुन्हा वाचलं: फक्त इथे कुटुंबासह राहणाऱ्यांना. एप्रिलला मतदार उरणार दहा. टायपिंगची एकही चूक नाही.